एका देशाचे, एकाच वर्षाचे तीन महागाई दर: युरोपातील देशांची तुलना कोणत्या पायावर करावी

निपाणीच्या एका महाविद्यालयात एम.कॉम. करणाऱ्या विद्यार्थिनीने प्रकल्पाच्या निमित्ताने एक प्रश्न विचारला आहे. युरोपातील देशांचे २०२१ ते २०२३ या तीन वर्षांचे ग्राहक महागाई दर एका तक्त्यात मांडायला तिने सुरुवात केली, तेव्हा जर्मनीचा २०२२ चा दर तिला एका ठिकाणी ६.९ टक्के, दुसऱ्या ठिकाणी ७.९ टक्के आणि तिसऱ्या ठिकाणी ८.७ टक्के असा मिळाला. यांतला खरा कोणता? शिवाय युरो वापरणाऱ्या देशांच्या आकड्यांची तिने काढलेली सरासरी दहा टक्क्यांच्या वर जाते, तर जाहीर झालेली सरासरी ८.४ टक्के आहे. मग चूक कुठे झाली?

तुमच्या हातून चूक झालेली नाही, आणि जर्मनीचे तिन्ही आकडेही अधिकृतच आहेत. अडचण अशी आहे की महागाईचा दर म्हणजे तापमापकावर वाचावा तसा एकच एक आकडा असतो, असे गृहीत धरून आपण तक्ता भरायला बसतो. प्रत्यक्षात कोणत्या वस्तू मोजल्या, त्यांना किती भार दिला, कोणत्या कालावधीची कशाशी तुलना केली आणि तो आकडा पुढे सुधारला गेला का, या चार गोष्टी ठरल्याशिवाय दर ठरत नाही. बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे भागांतील निर्यातदार फौंड्र्यांसाठी मी कॉस्ट अकाउंटंट म्हणून बरीच वर्षे काम करतो आहे. परदेशी ग्राहकांशी दीर्घ मुदतीचे करार होतात, तेव्हा मजुरीच्या भागासाठी दरवाढीचे कलम लिहिताना दोन्ही देशांचे ग्राहक किंमत निर्देशांक समोर ठेवावे लागतात, आणि तिथे आकड्याचा पाया न तपासणे महागात पडते. म्हणून तुमच्या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

आधी जर्मनी घेऊ. तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने जानेवारी २०२३ मध्ये २०२२ चा वार्षिक दर ७.९ टक्के म्हणून जाहीर केला. तो २०१५ हे पायाभूत वर्ष, म्हणजे ज्या वर्षाचा निर्देशांक १०० धरला जातो ते वर्ष, असलेल्या मालिकेतला होता. पुढच्याच महिन्यात पायाभूत वर्ष २०२० करण्यात आले, कुटुंबांच्या खर्चाचे नवे भारांक लागू झाले, घरगुती ऊर्जेचा भार कमी झाला, आणि २०२२ मध्ये सर्वांत जास्त भडकली होती ती ऊर्जाच. त्यामुळे त्याच वर्षाचा दर नव्या मालिकेत ६.९ टक्के झाला. दुकानातली एकही किंमत बदललेली नव्हती. बदलले होते ते प्रत्येक किमतीला दिलेले वजन. जुन्या बातम्यांत आणि त्या वेळच्या अहवालांत ७.९ हा आकडा तसाच राहिला, म्हणून तो तुम्हाला अजूनही सापडतो. जागतिक बँकेच्या सारणीत राष्ट्रीय निर्देशांकावरचा सुधारित ६.९ मिळतो.

तिसरा आकडा, ८.७, हा वेगळ्याच निर्देशांकाचा आहे. युरोपीय संघाने एक चलन आणण्याचे ठरवले, तेव्हा कोणत्या देशाची महागाई किती आटोक्यात आहे हे एकाच मापाने पाहणे भाग होते. त्यासाठी सर्व सदस्य देशांना समान नियमांनी मोजायला लावणारा समन्वित ग्राहक किंमत निर्देशांक तयार झाला, जो एचआयसीपी या नावाने ओळखला जातो. तो १९९७ पासून प्रसिद्ध होतो आणि युरोस्टॅट ही संघाची सांख्यिकी संस्था तो देशवार देते. त्यात भाडेकरू प्रत्यक्ष देतात ते भाडे धरले जाते, पण स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचा निवाऱ्याचा खर्च धरला जात नाही. जर्मनीच्या राष्ट्रीय निर्देशांकात मात्र स्वतःच्या घरासाठीही भाड्याइतका खर्च कल्पून तो मोजला जातो. २०२२ मध्ये भाडी हळू वाढत होती आणि ऊर्जा व अन्न झपाट्याने; साहजिकच भाड्याचा वाटा कमी असलेल्या एचआयसीपीमध्ये एकूण दर वर गेला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आपल्या जागतिक आर्थिक दृष्टिक्षेपात युरो क्षेत्रातील देशांसाठी याच निर्देशांकाचा आधार घेतो, म्हणून तिथे ८.७ दिसतो.

तर मग तक्त्यात कोणता घालायचा? हे प्रश्नावर अवलंबून आहे, आणि ते उघडपणे मान्य केले पाहिजे. जर्मन कामगाराच्या पगारवाढीची चर्चा असेल, तर राष्ट्रीय निर्देशांकच योग्य, कारण घराचा खर्च त्याच्या संसारातून वगळता येत नाही. तुमचा विषय देशादेशांतील तुलना हा आहे, आणि त्यासाठी एचआयसीपी हाच आधार घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एका देशासाठी राष्ट्रीय निर्देशांक आणि दुसऱ्यासाठी समन्वित निर्देशांक अशी सरमिसळ मात्र कुठल्याही कारणाने करू नये. तक्त्यात एका रांगेला फ्रान्सचा ५.२ (राष्ट्रीय) आणि शेजारी जर्मनीचा ८.७ (समन्वित) लिहिला, तर दोन देशांत साडेतीन टक्क्यांचे अंतर दिसेल, पण फ्रान्सचा समन्वित दर ५.९ घेतल्यावर खरे अंतर २.८ इतकेच राहते. करारातही हेच घडते. ‘ग्राहकाच्या देशातील महागाई दराप्रमाणे वाढ’ एवढेच लिहिलेले एक कलम माझ्यासमोर आले होते. दोन्ही पक्ष आपापल्या बाजूला सोयीचा अधिकृत आकडा घेऊन बसले आणि दोघांचेही कागद बरोबर होते. तेव्हापासून निर्देशांकाचे नाव, प्रकाशक, पायाभूत वर्ष आणि सुधारित आकडा धरायचा की पहिला, हे सारे लिहिल्याशिवाय मी मसुदा पुढे जाऊ देत नाही. तुमच्या तक्त्याच्या डोक्यावरही हीच माहिती हवी, तळटिपेत नव्हे.

आपल्याकडेही हा अनुभव नवा नाही. औद्योगिक कामगारांच्या ज्या निर्देशांकावर महागाई भत्त्याचे गणित चालते आणि ज्याच्या केंद्रांपैकी बेळगाव एक राहिले आहे, त्याचे पायाभूत वर्ष २०२० मध्ये २००१ वरून २०१६ वर आणले गेले. नवा आकडा जुन्याशी जोडण्यासाठी २.८८ हा गुणक दिलेला आहे. तो न लावता नव्यातून जुना वजा केला, तर किमती कोसळल्या असाच निष्कर्ष निघेल. भत्त्याची पत्रके तपासताना हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना जर्मनीचे ७.९ आणि ६.९ समजायला वेळ लागणार नाही.

आता ‘वार्षिक’ या शब्दामागच्या मोजणीकडे येतो, कारण तक्ते सर्वांत जास्त इथे फसतात. एक पद्धत अशी की वर्षातील बारा महिन्यांच्या निर्देशांकांची सरासरी काढून ती आधीच्या वर्षाच्या सरासरीशी ताडायची. दुसरी पद्धत म्हणजे या डिसेंबरचा निर्देशांक मागच्या डिसेंबरशी ताडायचा. महागाई स्थिर असते तेव्हा दोन्हींत फारसा फरक पडत नाही. ती वेगाने चढते किंवा उतरते तेव्हा चित्र पूर्ण पालटते. तुर्कस्तान पाहा. २०२२ चा डिसेंबर-ते-डिसेंबर दर ६४.२७ टक्के होता आणि २०२३ चा ६४.७७ टक्के, म्हणजे या मापाने दोन्ही वर्षे जवळजवळ सारखी. बारा महिन्यांच्या सरासरीने मात्र २०२२ चा दर ७२.३१ आणि २०२३ चा ५३.८६ टक्के होता. म्हणजे या मापाने महागाई बरीच उतरली. ऑक्टोबर २०२२ मध्ये ८५.५१ टक्क्यांपर्यंत गेलेला दर सरासरीत शिरतो, डिसेंबरच्या मोजणीत शिरत नाही, हे त्याचे कारण. रशियाचा दरही बातम्यांत बहुधा डिसेंबरचाच सांगितला जातो. तुमच्या रांगांत काही देशांचा सरासरी दर आणि काहींचा डिसेंबरचा दर आला असेल, तर क्रमवारीला काही अर्थ उरत नाही. वर्षभराच्या खर्चाचा विचार करायचा असेल तर सरासरी घ्यावी. वर्ष संपताना परिस्थिती कुठे पोहोचली हे पाहायचे असेल तर डिसेंबर घ्यावा. तुमच्या प्रकल्पाला सरासरी लागेल.

सरासरी काढतानाही काळजी घ्यावी. बारा मासिक दरांची बेरीज करून बाराने भागू नये. निर्देशांकांची सरासरी काढावी आणि मग दर काढावा. फरक थोडाच पडतो, पण परीक्षक तोच विचारतात.

तुर्कस्तानबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तिथल्या अधिकृत संस्थेने डिसेंबर २०२२ साठी ६४.२७ टक्के सांगितले, तेव्हा स्वतंत्र अर्थतज्ज्ञांच्या एनॅग या गटाने १३७.५५ टक्के असा अंदाज दिला होता. त्यांतला कोणता बरोबर याचा निवाडा तुमच्या तक्त्यात होऊ शकत नाही, आणि तो करूही नये. मात्र जिथे अधिकृत आकड्यावरच देशात गंभीर वाद आहे, तिथे त्या देशाला इतरांच्या रांगेत कोणतीही खूण न करता बसवणे प्रामाणिकपणाचे नाही.

तुमच्या सरासरीचा प्रश्न यापेक्षा सोपा आहे. २०२२ मध्ये युरो वापरणारे १९ देश होते. त्यांचे दर बेरीज करून १९ ने भागले तर सुमारे १०.२ येतात, कारण त्या भागाकारात १९.४ टक्क्यांचा एस्टोनिया, १८.९ टक्क्यांचा लिथुएनिया आणि १७.२ टक्क्यांचा लाटव्हिया यांना जर्मनीइतकेच वजन मिळते. जाहीर सरासरीत प्रत्येक देशाचे वजन तिथल्या कुटुंबांच्या एकूण खर्चावर ठरते, आणि जर्मनी, फ्रान्स, इटली व स्पेन या चार देशांचा वाटा मिळून सुमारे तीन चतुर्थांश होतो. हे तिन्ही बाल्टिक देश त्या तराजूत फार हलके आहेत. तुमची १०.२ ही संख्या ‘या गटातील एखाद्या सर्वसाधारण देशाचा अनुभव’ सांगते, ८.४ ही संख्या ‘या क्षेत्रातील एकूण खर्चाचा अनुभव’ सांगते. दोन्ही द्या, पण वेगवेगळ्या नावांनी द्या.

इथवर एक निर्देशांक, एक कालावधी आणि एकच प्रकाशक निवडला, म्हणजे तक्ता सुसंगत झाला. आता खरे अवघड काम राहते: समान नियमांनी मोजलेले दरही वेगवेगळ्या कारणांनी वेगळे का येतात, हे वाचता येणे. मला या विषयात सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच भाग, आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत सर्वांत कमी जागा मिळते ती यालाच.

फ्रान्सचा २०२२ चा दर युरो क्षेत्रात सर्वांत कमी, ५.९ टक्के, होता. याचे श्रेय तिथल्या बाजारपेठेला नव्हे, तर मोठ्या प्रमाणात सरकारी किंमतबंधनाला जाते. गॅसचे नियंत्रित दर ऑक्टोबर २०२१ च्या पातळीवर गोठवले होते, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये विजेच्या नियंत्रित दरातील वाढ ४ टक्क्यांवर रोखली गेली. पुढच्या वर्षी जानेवारीत गॅसचे आणि फेब्रुवारीत विजेचे दर १५ टक्क्यांनी वाढू दिले. त्यामुळे २०२३ मध्ये युरो क्षेत्राची सरासरी ८.४ वरून ५.४ वर आली, पण फ्रान्स ५.९ वरून ५.७ वर एवढाच उतरला. महागाईचा काही भाग तिथे पुढच्या वर्षावर ढकलला गेला आणि काही भाग ग्राहकाच्या खिशाऐवजी सरकारी तिजोरीने उचलला. केवळ २०२२ चा रकाना पाहून ‘फ्रान्सने महागाई रोखली’ असे लिहिणे म्हणून घाईचे ठरेल.

नेदरलँड्सचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथला समन्वित दर १७.१ टक्क्यांवर गेला होता, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तोच उणे १.० टक्का झाला. एका वर्षात एवढी उलथापालथ घरोघरी झाली नव्हती. तिथे गॅस आणि विजेची किंमत केवळ नव्याने होणाऱ्या करारांवरून मोजली जात होती. जुने, ठरावीक दराचे करार असलेली असंख्य कुटुंबे कमीच पैसे भरत होती, पण निर्देशांकाला ती दिसत नव्हती. जून २०२३ पासून चालू असलेले करारही मोजणीत घेतले जाऊ लागले, तरी तुलनेचा आधार जुन्या पद्धतीचा राहिल्यामुळे पुढचे काही महिने दर कृत्रिमपणे खाली दिसला. स्पेनमध्येही असाच प्रकार होता: वीजदरासाठी फक्त नियंत्रित दर धरला जाई आणि खुल्या बाजारातील करार जानेवारी २०२३ पासून मोजणीत आले. दोन्ही देश एकच समन्वित निर्देशांक वापरत असूनही विजेच्या बाबतीत त्यांची २०२२ ची मोजणी ग्राहकांच्या फक्त एका गटाकडे पाहत होती, हे लक्षात ठेवा. समान नियमावली म्हणजे प्रत्येक तपशिलात समान मोजणी, असे होत नाही.

आधाराचा परिणाम, म्हणजे तुलनेसाठी घेतलेला मागच्या वर्षीचा महिना बदलल्यामुळे दर हललेला दिसणे, समजावताना मी आपल्या सीमाभागातील बसभाड्याचे उदाहरण देतो. महाराष्ट्राने १७ मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट केले, आणि कर्नाटकाने ११ जून २०२३ पासून राज्यातील स्त्रियांसाठी साध्या बसचा प्रवास मोफत केला. समजा, फक्त स्त्रियांच्या बसभाड्याचा एक निर्देशांक असता, तर कर्नाटकात तो एका दिवसात शून्यावर आला असता. बारा महिने वार्षिक दर प्रचंड उणा दिसला असता, आणि तेराव्या महिन्यापासून सवलत तशीच असूनही तिचा दरावरील परिणाम नाहीसा झाला असता. सवलत संपलेली नसते. तुलनेचा महिनाच सवलतीचा झालेला असतो. जर्मनीत २०२२ च्या जून ते ऑगस्टमध्ये महिनाभराच्या स्थानिक प्रवासाचे ९ युरोचे तिकीट होते आणि इंधनावर करकपात होती. ती सवलत संपली तेव्हा दर वर उसळला, आणि बरोबर एका वर्षाने, ऑगस्ट २०२३ मधील ६.१ टक्क्यांवरून राष्ट्रीय दर सप्टेंबरमध्ये एकदम ४.५ टक्क्यांवर आला. त्या उताराचा बराच भाग सप्टेंबर २०२३ मध्ये घडलाच नव्हता. मागच्या वर्षीचे सवलतीचे महिने तुलनेतून निघून गेले, एवढेच. मासिक आलेख लावणार असाल तर अशा महिन्यांवर खूण करा.

त्यानंतर टोपलीचा, म्हणजे मोजल्या जाणाऱ्या वस्तूंचा आणि त्यांना दिलेल्या भारांचा, प्रश्न येतो. युरो क्षेत्राच्या निर्देशांकात अन्न व मद्यविरहित पेयांचा भार ढोबळमानाने सातवा-सहावा हिस्सा आहे, तर रोमेनियासारख्या देशात तो चौथ्या हिश्श्याच्या आसपास जातो. गहू, तेल, दूध सर्वत्र सारख्याच प्रमाणात महागले तरी रोमेनियाचा एकूण दर अधिक हलतो, कारण तिथल्या कुटुंबाच्या खर्चात जेवणाचा वाटा मोठा आहे. बाल्टिक देशांत २०२२ मध्ये हाच मुद्दा ऊर्जेच्या बाबतीत तीव्र झाला: थंडी कडक, उष्णतेसाठी खर्च मोठा, रशियन गॅसवरचे जुने अवलंबित्व, आणि घाऊक बाजारातील वीजदराचा ग्राहकापर्यंत लवकर पोहोचणारा चटका. ऑगस्ट २०२२ मध्ये एस्टोनियाचा समन्वित दर २५ टक्क्यांच्या वर होता. चलन एकच, व्याजदर ठरवणारी मध्यवर्ती बँक एकच, आणि तरी फ्रान्स व एस्टोनिया यांच्या वार्षिक दरांत १३.५ टक्क्यांचे अंतर. हे अंतर पतधोरणाने नव्हे, तर टोपलीने, करारपद्धतीने आणि सरकारी हस्तक्षेपाने निर्माण केले, असे विधान तुम्ही आत्मविश्वासाने करू शकता.

दर आणि किमतीची पातळी यांची गल्लत तर अजिबात होऊ देऊ नका. स्वित्झर्लंडचा २०२२ चा दर २.८ टक्के होता, पण म्हणून तो देश स्वस्त ठरत नाही. युरोपातील सर्वांत महागड्या देशांत त्याची गणना होते. दर फक्त चढण्याचा वेग सांगतो. त्याच कारणाने दर उतरला म्हणजे किमती उतरल्या असे होत नाही, हे तुमच्या वाचकाला एका वाक्यात सांगून ठेवा.

यासाठी तीन वर्षांचा एकत्रित रकाना जोडावा, असे मी सुचवतो. दरांची बेरीज करू नका, गुणाकार करा. एस्टोनियाचे समन्वित दर २०२१ साठी ४.५, २०२२ साठी १९.४ आणि २०२३ साठी ९.१ टक्के. १.०४५, १.१९४ आणि १.०९१ यांचा गुणाकार सुमारे १.३६१ येतो, म्हणजे तीन वर्षांत किमती ३६.१ टक्क्यांनी वाढल्या. साध्या बेरजेने ३३ आले असते. फ्रान्सचे २.१, ५.९ आणि ५.७ घेतले तर १४.३ टक्के येतात. या एका रकान्यातून फ्रान्सने पुढे ढकललेली वाढही मोजणीत येते आणि एखाद्या वर्षाच्या आधाराचा परिणामही बराचसा निवळतो. माझ्या कामात मी एका वर्षाच्या दरापेक्षा या एकत्रित वाढीवर अधिक विसंबतो, कारण कामगाराला घरखर्च भागवावा लागतो तो वाढून बसलेल्या किमतींवर.

तुमच्या तक्त्यात ब्रिटन हवा असेल, तर तो युरोस्टॅटकडे शोधू नका. संघातून बाहेर पडल्यानंतर त्यांचे आकडे तिथे येत नाहीत. त्यांच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचा ग्राहक किंमत निर्देशांक मुळात समन्वित पद्धतीवरच बेतलेला आहे, त्यामुळे २०२२ साठी त्यातील ९.१ टक्के हा आकडा इतरांशेजारी ठेवता येतो. किरकोळ किंमत निर्देशांक या नावाची त्यांची जुनी मालिका मात्र घेऊ नका.

मार्गदर्शकांनी भारताचा रकाना जोडायला सांगितले आहे, असेही तुम्ही लिहिले आहे. तो जोडा, पण रेघ मारून वेगळा. आपला वार्षिक दर बहुधा एप्रिल ते मार्च अशा आर्थिक वर्षाचा सांगितला जातो, तर युरोपचा जानेवारी ते डिसेंबरचा. म्हणून मासिक निर्देशांक घेऊन कॅलेंडर वर्षाची सरासरी स्वतः काढावी लागेल. शिवाय तुमच्या तीन वर्षांना लागू असलेल्या, २०१२ हे पायाभूत वर्ष असलेल्या मालिकेत अन्न व पेयांचा भार ४५.८६ टक्के आहे, ग्रामीण भागात ५४.१८ आणि शहरी भागात ३६.२९. एवढ्या वेगळ्या टोपलीचा एकूण दर जर्मनीच्या दराशी ताडण्यापेक्षा अन्नाचा दर अन्नाच्या दराशी आणि इंधनाचा इंधनाशी ताडला, तर तुमच्या हाती काही सांगण्यासारखे लागेल. एकूण दराचा रकाना केवळ संदर्भासाठी ठेवा, आणि त्यावरून भारताला युरोपच्या क्रमवारीत क्रमांक देऊ नका.